बाबेटबाईंच्या शहाऐंशी पायऱ्या

पहिल्या दिवशी यशवंत एकच बादली घेऊन निघाला. बादली भरलेली होती आणि हात रिकामा ठेवलेला बरा, कठडा धरता येईल, असा त्याचा हिशेब. बाबेटबाईंनी त्याला पहिल्याच वळणावर अडवलं.

"दुसरी कुठे आहे?"

"दुसऱ्या खेपेला आणतो."

"एका हातात ओझं घेणारा माणूस वाकडा होतो. पाठ तुमची, पण पडलात तर कोळसा माझा. खाली जा आणि दुसरी आणा."

यशवंत म्हमाणे सोलापूरच्या गिरणीत बॉयलरवर अकरा वर्षं काढून न्युरेम्बर्गला आलेला. वय बत्तीस. यंत्रं बसवायचं शिकायला कारखान्याने दोन वर्षांसाठी पाठवलेलं. कोळशाचं त्याला कोणी काही शिकवावं असं त्याला वाटत नव्हतं. तो खाली गेला, दुसरी बादली भरली आणि दोन्ही घेऊन चढला. चौथ्या मजल्यापर्यंत शहाऐंशी पायऱ्या. वर पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं, की दोन बादल्यांनी खरंच कमी दमायला झालं. हे त्याने बाईंना सांगितलं नाही. बाईंनीही विचारलं नाही.

बाबेट त्सेल्टनर ही त्याची घरमालकीण. गोस्टेनहोफ या कामगारांच्या वस्तीत तिचं दोन खोल्यांचं घर होतं आणि मागची खोली तिने यशवंतला दिली होती. नवरा युद्धात गेलेला, मूलबाळ नाही. इस्पितळाच्या धुलाईखान्यात एकतीस वर्षं चादरींना इस्त्री केलेली. उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली उतरलेला. म्हणूनच दोन बादल्यांचा नियम. चुकलेलं तिला स्वतःच्या अंगावर दिसत होतं.

चर्चच्या मदतनीस मंडळात सहा जणं होती. पाच बायका आणि एक निवृत्त ट्रामचालक. सगळी पन्नाशीच्या पुढची. वस्तीतल्या एकट्या म्हाताऱ्या त्यांनी वाटून घेतल्या होत्या. कोणाचं दूध आणायचं, कोणाची औषधं, कोणाचा कोळसा. बाबेटबाईंकडे कोळसा होता, आठ घरांचा. बासष्ट सालच्या नाताळाच्या आधी बर्फावर घसरून तिच्या जोडीला बादल्या उचलणाऱ्या ट्रामचालकाचं मनगट मोडलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता बाईंनी यशवंतच्या दारावर टकटक केली.

"तुमची पाळी सातला. दोन तास रिकामे आहेत."

"बाई, मी तुमच्या चर्चचा नाही."

"बादली उचलायला बाप्तिस्मा लागत नाही. बूट घाला."

त्या वर्षीचा हिवाळा लोक पुढे कित्येक वर्षं विसरले नाहीत. नद्या गोठल्या, तळी गोठली, नळ फुटले. दुकानात, ट्राममध्ये, कारखान्यात एकच वाक्य ऐकू येई, यंदा रशियाचा हिवाळा इकडे आलाय. हे वाक्य ऐकून एकच बाई चिडायची. ती म्हणजे शहाऐंशी पायऱ्यांवरची एमिली हार्टविग.

एमिलीबाई एकोणऐंशी वर्षांच्या. पीटर्सबर्गमधल्या एका जर्मन घड्याळजीची मुलगी. क्रांतीनंतर तिथून निघाल्या, आणि हातमोजे शिवून जन्म काढला. उंचीने बाबेटबाईंच्या खांद्याला, पण दार उघडून उभ्या राहिल्या की जिना त्यांच्या मालकीचा वाटे.

"उशीर झाला," त्या म्हणायच्या.

"सहाला पाच कमी आहेत," बाबेटबाई.

"पीटर्सबर्गात एव्हाना आमची सगळी घरं ऊबदार व्हायची."

"मग जा पीटर्सबर्गला. ट्राम मिळते का विचारते."

"तिथे निदान हिवाळा तरी नीट असतो. हा काय हिवाळा? नुसता सर्दीला कारण! आणि हा काळा माणूस रोज इतका गप्प का असतो?"

"दमतो म्हणून."

"दमत नाही," यशवंत म्हणाला.

"बोलतो!" एमिलीबाई म्हणाल्या. "आणि खोटंही बोलतो. म्हणजे शिकेल."

बाबेटबाईंच्या कामाची एक रीत होती. बादल्या उंबऱ्याच्या आत ठेवायच्या. आदल्या दिवशीची राख झाकणाच्या डब्यातून घ्यायची. पायरीवर एक तुकडा पडला तर थांबून उचलायचा, कारण त्यावरून कोणीतरी घसरतं. पण शेगडीला हात लावायचा नाही. आग ज्याची त्याने पेटवायची. पहिल्या आठवड्यात यशवंत एका घरात हौसेने शेगडी पेटवायला वाकला, तर बाईंनी त्याला कॉलर धरून उठवलं. जिन्यात म्हणाल्या, "तिचे हात चालतात. आग आपण लावली की उद्यापासून तिला खुर्चीत बसवली. मग खुर्चीतून पलंगात. मी असे पाच पलंग पाहिलेत."

एमिलीबाईंच्या बाबतीत हा नियम जास्तच कडक होता. नोव्हेंबरात त्या बाजारात पडल्या होत्या. तेव्हा चर्चचे पाद्री, त्यांना सगळे हेर फारर म्हणत, स्वतः वर चढून आले होते. वृद्धाश्रमात जागा आहे, सगळी सोय आहे, असं त्यांनी सांगितलं. एमिलीबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी चार शहरं आणि दोन देश सोडले. प्रत्येक वेळी दुसऱ्या कोणीतरी सांगितलं म्हणून. ही खोली मी सोडणार नाही. मरायचं ते इथेच, आणि तुमची परवानगी न घेता." मग बाबेटबाईंकडे वळून त्यांनी विचारलं, "तू कोळसा आणशील ना?"

"आणीन."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

बाबेटबाईंनी शब्द दिला तो एवढाच. पण हेर फारर उभे असताना दिला, आणि त्या बाईच्या शब्दाला वस्तीत वजन होतं.

रविवारी एर्लांगेनहून त्याचा मित्र श्रीरंग यायचा. तो तिथे डॉक्टरेट करत होता. यशवंतच्या नखांतला काळा रंग बघून तो हसायला लागला.

"काय यशवंतराव, सोलापूरच्या बॉयलरखान्यातून सुटलात आणि सातासमुद्रापार येऊन पुन्हा कोळशात?"

"व्यायाम होतो."

"गेनाऊ, अगदी बरोबर! व्यायाम! घरी कळवलं का, की साहेब हमाली करतात?"

त्याने कळवलं होतं, आणि बायकोचं, सुलेखाचं उत्तर खिशातच होतं. "आपण तिकडे म्हाताऱ्या बायकांचे कोळसे वाहता हे वाचून बरे वाटले. इकडे आपण पाण्याची घागर उचलल्याचे स्मरत नाही. परत आल्यावर सवय मोडू नये." श्रीरंगने ते पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा टेबलावर हात आपटून हसला.

जानेवारीत थंडी आणखी वाढली. वीस अंश उणे. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी एमिलीबाईंनी दार उघडायला फार वेळ लावला. उघडलं तेव्हा भिंतीला धरून उभ्या होत्या. डोकं ठणकतंय म्हणाल्या, आणि बोलता बोलता रशियनमध्ये गेल्या. दुपारी बाबेटबाई बघायला गेल्या तर बटाटे सोलत बसलेल्या, तोंडही पहिल्यासारखं चालू. चार दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी उलटीही झालेली. तिसऱ्यांदा त्या जमिनीवर बसलेल्या सापडल्या.

डॉक्टर आले. छाती ऐकली, डोळे पाहिले. वय झालं, हृदय थकलंय, मेंदूला रक्त कमी पडतं, एकटीने राहण्यात अर्थ नाही. हेर फाररनी वृद्धाश्रमाला फोन केला. सोमवारी गाडी येणार असं ठरलं. हा निरोप घेऊन बाबेटबाईंनाच वर जावं लागलं. शुक्रवारचा दिवस. यशवंत मागे राखेचा डबा घेऊन उभा होता.

एमिलीबाईंनी निरोप ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "तू कोळसा आणतेस म्हणालीस."

"आणते आहे ना."

"सोमवारी कुठे आणशील?"

बाबेटबाईंनी रिकाम्या बादल्या उचलल्या. जिना उतरताना त्या तिसऱ्या मजल्यावर थांबल्या. त्या कधीही तिसऱ्यावर थांबत नसत. थांबायचं तर दुसऱ्यावर, असं त्या सगळ्यांना सांगत, कारण तिसऱ्यावर थांबलं की पाय पुन्हा उठत नाहीत.

यशवंतला शनिवारभर काहीतरी सलत राहिलं. कारखान्यात कानस चालवताना त्याला गिरणीतला दत्तात्रय आठवला. रात्रपाळीत भट्टी दाबून ठेवलेली, आणि वाफ टिकावी म्हणून दत्तात्रयने धुराचा डॅम्पर, म्हणजे धुराड्यातली झडप, पुरती बंद केलेली. पहाटे त्याला दोघांनी ओढून बाहेर काढलं तेव्हा तो दारू प्यायल्यासारखा बरळत होता, ओकत होता, डोकं धरून बसला होता. मोकळ्या हवेत तासाभराने उठून चहा मागितला. त्या घटनेनंतर कोणी भट्टीशी खेळला नाही.

सकाळी वाईट, दुपारी ठीक. एमिलीबाईंचं दार सकाळी उघडतं, त्यानंतर दुपारपर्यंत त्या ठीक होतात. आणि थंडी जितकी जास्त, तितकी सकाळ वाईट.

संध्याकाळी त्याने बाबेटबाईंना विचारलं, "एमिलीबाईंची शेगडी कोणी पाहिली आहे?"

"शेगडीला आपण हात लावत नाही."

"हात लावत नाही. बघितली आहे का?"

बाबेटबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "का?"

त्याने दत्तात्रयची गोष्ट सांगितली. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगायला वेळ लागला. बाईंनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. संपल्यावर म्हणाल्या, "तिच्याकडे आधी लाकूड असायचं. अंगणातला सुतार ढलप्या द्यायचा. शरदात त्याने दुकान बंद केलं. यंदा पहिल्यांदाच तिला कोळशाच्या विटा." मग त्या एकदम उठल्या आणि कोट घालायला लागल्या. त्या रात्रीच दोघं तिथे गेली. एमिलीबाईंनी आतून ओरडून सांगितलं, की मी झोपले आहे, गाडी सोमवारी येणार आहे, तोवर मला झोपू द्या. दाराबाहेरून बाबेटबाईंनी सांगितलं, शेगडी विझव. आतून उत्तर आलं, वेड लागलंय का, बाहेर बावीस उणे आहे. बाईंनी आणखी दोनदा दार ठोकलं, मग पहाटे लवकर येऊ म्हणून दोघं उतरली.

रविवारी पहाटे दार उघडलंच नाही.

बाबेटबाईंकडे किल्ली होती. मदतनिसांकडे ती असायची, पण बाईंनी ती या घरासाठी कधी वापरली नव्हती, आदल्या रात्रीही नाही. दार ढकललं तर ते कशाला तरी अडत होतं. एमिलीबाई दारापर्यंत सरपटत आलेल्या होत्या. बाबेटबाईंनी त्यांना काखेत हात घालून जिन्यात ओढलं. यशवंत खिडकीकडे धावला. खिडकीच्या सगळ्या फटींवर कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवलेल्या, एकही सुरकुती नाही, आणि दोन काचांच्या मधे कापूस भरलेला. रशियात हिवाळा लागला की खिडक्या अशाच बंद करतात. डिसेंबरात बाबेटबाईंनी ते काम बघून म्हटलं होतं, इतकं नीट काम मी इस्त्रीचंही पाहिलं नाही. खळ त्यांनीच शिजवून दिली होती.

यशवंतने पट्ट्या फाडल्या आणि खिडकी उघडली. थंडी आत आली तशी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तो शेगडीपाशी वाकला. धुराड्याच्या नळीवरची चावी आडवी होती. म्हणजे आतली झडप पूर्ण बंद. त्याने चावी उभी केली, दार उघडलं. आत काळ्या कागदाच्या राखेत एक वीट लालभडक, शांत जळत होती.

जिन्यात एमिलीबाईंना उलटी झाली. मग त्यांनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, "खिडकी कोणी उघडली? पट्ट्या फाडल्या?"

"मी," यशवंत म्हणाला. "चावी कोणी बंद केली?"

"मी. रोज करते. आग खाली बसली की धुराडं बंद करायचं, म्हणजे ऊब पळत नाही. सहा वर्षांची होते तेव्हा आईने शिकवलं. तुम्हा लोकांना कळत नाही म्हणून तुम्ही थंडीने मरता."

लाकडाची आग खाली बसली, निळी ज्वाळा गेली, की उरतो तो नुसता निखारा. तो लवकर विझतो, म्हणून तिथे धुराडं बंद करणं चालून जातं. कोळशाची वीट मात्र रात्रभर धुमसत राहते. त्यात ती ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली, तर सकाळपर्यंत टिकते. ही युक्ती न्युरेम्बर्गच्या प्रत्येक घरात चाले.

बाबेटबाई पायरीवर बसल्या होत्या, एमिलीबाईंचं डोकं मांडीवर घेऊन. त्या म्हणाल्या, "आणि ओला कागद गुंडाळायला मी शिकवलं."

त्या दिवशी प्रार्थना संपल्यावर चर्चच्या मागच्या खोलीत कॉफी होती. सगळे मदतनीस होते. यशवंत दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता. बाबेटबाईंनी कप हातात घेतला नाही.

"हेर फारर, एमिलीचं हृदय थकलेलं नाही. मेंदूलाही काही झालेलं नाही. तिला कोळशाचा वायू लागला. ती लाकडाची पद्धत कोळशाला लावत होती आणि तिला कोळसा रात्रभर धुमसवायला मी शिकवलं. खिडकीची खळ मी शिजवली. दोन महिने मी तिच्या उंबऱ्यावर उभी राहिले आणि शेगडीकडे पाहिलं नाही. माझा नियम म्हणून."

ट्रामचालक बँडेजमधला हात हलवत म्हणाला, "बाबेट, तुला कसं कळणार? आपल्याकडे कोण असं बंद करतं?"

"विचारलं असतं तर कळलं असतं. तिने कसं केलं ते मी विचारलं नाही. मी कसं करते ते सांगितलं."

हेर फारर सौम्य माणूस होते. ते म्हणाले, "देवाची कृपा, ती जिवंत आहे. पण मग तर ती खोली तिच्यासाठी धोक्याचीच ठरते. उद्या गाडी येतेच आहे."

"गाडी नको."

"फ्राउ त्सेल्टनर, ती पुन्हा बंद करणार नाही याची हमी कोण देणार? ऐंशी वर्षांची सवय आहे."

"झडप कापायची," बाबेटबाई म्हणाल्या आणि दाराकडे बोट दाखवलं. "तो कापेल. पाव भाग कापला की चावी कितीही फिरवली तरी धूर वर जातो. आणि मी संध्याकाळीही जाईन. रोज. कोळसा नीट जळून गेलाय हे माझ्या डोळ्यांनी बघून येईन."

"सकाळी आठ घरं आणि वर संध्याकाळीही? तुमचं वय अठ्ठावन्न."

"एकोणसाठ."

कोणीतरी हसलं. हेर फारर हसले नाहीत. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, मग म्हणाले, "बर्फ वितळेपर्यंत. मधे एकदा जरी ती जमिनीवर सापडली, तर मी तुम्हाला न विचारता गाडी मागवीन."

"मागवा," बाबेटबाई म्हणाल्या, आणि मग त्यांनी कॉफी घेतली. ती गार झाली होती.

दुपारी यशवंतने शेगडी विझवली, नळी उतरवली, झडप काढली. ओतीव लोखंडाची जुनी पाकळी, काजळीने अर्धं बोट जाड. त्याने ती घासून पांढरी केली, खिडकीच्या चौकटीला शिकंजा लावला, आणि हॅकसॉने पाव भाग कापला. ओतीव लोखंड घाई केली तर तडकतं. त्याने घाई केली नाही. कडा कानसीने गुळगुळीत केल्या, कोणाचा हात लागणार नव्हता तरी. एमिलीबाई कोट, शाल आणि दोन टोप्या घालून समोर बसल्या होत्या.

"हे माझं लोखंड कापतोय," त्या बाबेटबाईंना म्हणाल्या. "माझी ऊब आता सरळ आकाशात जाणार. देवाला काय थंडी वाजते?"

"जाऊ दे."

"मग रात्री मी काय करू? गोठू?"

यशवंतने मनाशी मोजलं होतं. ओढ वाढली की कोळसा जास्त लागणार. आता रात्रीसाठी आणखी एक फेरी. त्याने बाबेटबाईंकडे पाहिलं. त्यांनी ते आधीच मोजलेलं दिसत होतं.

"दोन बादल्या जास्त आणीन," बाबेटबाई म्हणाल्या. "संध्याकाळी येणारच आहे. रिकाम्या हाताने कशाला चढू?"

एमिलीबाईंनी वरची टोपी कानांवर ओढली. मग म्हणाल्या, "तुझी ओल्या कागदाची युक्ती मला कधीच आवडली नव्हती. वास येतो."

"तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

बाबेटबाई हसल्या. यशवंतने त्यांना हसताना त्या घरात पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून बाबेटबाईंनी आठही घरांत शेगडीसमोर बसून एकच प्रश्न विचारला: रोज काय करता ते मला दाखवा. एका घरात नळीत पक्ष्याचं जुनं घरटं निघालं. एका घरात म्हातारी राख पलंगाखाली साठवत होती, ती गरम असते म्हणून. रीत तीच राहिली, आग ज्याची त्याने लावायची. फक्त बाई आता उंबऱ्यावर थांबत नसत.

फेब्रुवारीभर संध्याकाळी सहाला त्या शहाऐंशी पायऱ्या चढत. यशवंतची पाळी सुटायची साडेचारला. तो बरोबर जायचा. दोघांच्या मिळून चार बादल्या, म्हणजे दोन दिवसांची बेगमी व्हायची. पण दुसऱ्या दिवशीही बाई चढायच्याच, नुसतं शेगडी बघायला. एकदा यशवंत म्हणाला, आज मी एकटा बघून येतो. बाई म्हणाल्या, "शब्द तुम्ही दिला होता का?" दुसऱ्या मजल्यावर त्या आता दर वेळी थांबत. तिसऱ्यावर नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात छपरांवरून पाणी टपकू लागलं. एमिलीबाई एकदाही जमिनीवर सापडल्या नाहीत. हेर फारर एका सकाळी स्वतः चढून वर आले, धापा टाकत. एमिलीबाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "उशीर झाला. बर्फ काल वितळला."

यशवंत चौसष्ट साली सोलापूरला परतला. दर नाताळाला बाबेटबाईंचं एक कार्ड यायचं, चार ओळींचं. सहासष्टच्या जूनमध्ये मात्र पत्र आलं. शिसपेन्सिलीने लिहिलेलं, अक्षरं इस्त्री केल्यासारखी सरळ.

"एमिली मे महिन्यात गेली. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या पलंगावर, सकाळी. डॉक्टर म्हणाले हृदय. मी त्यांना थांबवून आधी शेगडी पाहिली. थंड होती. आठ दिवस पेटवलेली नव्हती. चावी उभी होती. मी दोनदा हात लावून पाहिलं. मग म्हटलं, ठीक आहे, हृदय लिहा."

सुलेखाने पत्र वाचून दाखवायला सांगितलं. त्याने वाचलं, मराठी करत. आत पाणी तापत होतं, मोरीत रिकाम्या घागरी पडल्या होत्या. यशवंतने दोन उचलल्या आणि नळाकडे गेला.